बॅटरीची खंडेनवमी

आमच्या व्हरांड्याच्या भिंतीवर एक पांढरी पेटी आहे. कुणी विचारलं तर मी "सोलरची बॅटरी" एवढंच सांगते आणि विषय बदलते. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, केवढ्याला पडली? त्याच्या पुढचा, परवडते का? या लोकांना एकदा आमच्या घरात महिनाभर ठेवून घ्यावं असं मला वाटतं. मग मी विचारीन, परवडतं का म्हणून.

गच्चीवर पॅनल आधीपासून होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्त झाल्यावर ते बसवून घेतले. दादांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात गेली, आधी लेथवर आणि मग मेंटेनन्सला. घरी नुसतं बसणं त्यांना जमेना. सिडकोतल्या आमच्या गल्लीत पहिले पॅनल आमचे, त्यामुळं काही दिवस त्यांचा रुबाब विचारू नका. आता आपल्याकडं लाइट जायचा प्रश्नच मिटला, असं त्यांनी चार घरी सांगून टाकलं. आणि त्याच उन्हाळ्यात भर दुपारी लाइट गेली. वर पॅनलला हात लावला तर चटका बसावा असं ऊन, आणि खाली पंखा बंद.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, "चाचा, लाइन गई तो ये भी बंद. ऐसाच रहता." तारेवर काम करणाऱ्या माणसाला उलटा करंट बसू नये म्हणून लाइट गेली की पॅनलही आपोआप बंद पडतात, आणि वीज साठवून ठेवायला त्यांच्याकडं जागा नसते. साठवायची तर बॅटरी वेगळी घ्यावी लागते. दादांना हे ताबडतोब पटलं. त्यांना यंत्राचं म्हणणं नेहमीच ताबडतोब पटतं, माणसाचं पटायला वेळ लागतो. मला मात्र राग आला होता. डोक्यावर एवढा सूर्य घेऊन खाली घाम पुसत बसायचं, ही कसली तऱ्हा? पण बॅटरी तेव्हा घेतली नाही. दुपारचा पंखा बंद पडला म्हणून कुणी मरत नाही, असं दादा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मग आईची फुप्फुसं आजारी पडली. आधी जिना चढताना दम, मग भाकरी थापताना दम, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की फुप्फुसं कडक होत चाललीत आणि ती परत मऊ होणार नाहीत. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. हे मशीन म्हणजे चाकं लावलेली एक पेटी. ती खोलीतली हवा ओढते, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढते आणि नळीनं नाकात सोडते. दिवसरात्र चालवायची. तिचा एक आवाज असतो, धप्प करून श्वास सोडल्यासारखा, पुन्हा पुन्हा. पहिले काही दिवस त्या आवाजानं झोप येत नाही आणि नंतर त्याच्याशिवाय येत नाही. आणि हे सगळं लाइटवर.

मी बँकेतली नोकरी सोडली. आईसाठी सोडली असं नातेवाईक कौतुकानं सांगतात. खरं तर मला त्या नोकरीचा उबग आला होता आणि आईचं निमित्त झालं. पण लोकांना एवढं चांगलं वाटत असेल तर वाटू दे, माझं काय जातं.

लाइट गेली की आमच्याकडं जी धावपळ व्हायची तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ऑक्सिजनचा एक मोठा सिलिंडर कोपऱ्यात उभा असायचा. नळी मशीनची काढून त्याला लावायची, किल्लीनं तोंड उघडायचं, काटा बघायचा. लाइट आली की उलटं सगळं. आई तोवर डोळे मिटून पडलेली. तिला लाइट जायची भीती अशी बसली होती की पंखा जरा हळू झाला तरी ती उठून बसायची. वारा सुटला, आभाळ भरून आलं की तिचं जेवण संपलं. घरात पाऊस आवडणारी ती एकटीच होती, आणि आता ढग गडगडला की तिच्या हाताला घाम फुटायचा.

दादांनी मग बॅटरी आणली. आमच्याशी चर्चा वगैरे काही नाही. कोणती चांगली, कोणती किती तास चालते, जुन्या पाण्याच्या बॅटरीपेक्षा ही नवी लिथियमची कशी बरी, हे त्यांचं ते बघून आले आणि एक दिवस माणसं भिंतीला भोकं पाडायला हजर. वर इन्व्हर्टर, खाली बॅटरी, शेजारी एक मोठा खटका. खटका वर केला की घर बॅटरीच्या भरवशावर, खाली केला की सरळ रस्त्यावरच्या लाइनवर. दिवसा पॅनल बॅटरी भरणार, लाइट गेली की बॅटरी घर सांभाळणार. म्हणजे पंखा, दोन दिवे, फ्रिज आणि आईचं मशीन. मिक्सर, गिझर काही नाही. स्वयंपाकघराचा एक बोर्ड घ्या म्हटलं तर दादा म्हणाले, "लई लोड येतो." मी म्हटलं, बरं, आमचं वाटण थांबेल, तुमची बॅटरी जगू दे.

बसवून झाल्यावर दादांनी आईला पलंगावर उशी टेकवून बसवलं आणि मेन स्विच बंद केला. गल्लीतलं सगळं चालू, आमची लाइन बंद. मशीनचा आवाज जसाच्या तसा. धप्प, धप्प. पंखासुद्धा डगमगला नाही. आई मशीनकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, परत करा ना." दादांनी परत केलं. असं तिनं त्यांना चार-पाच वेळा करायला लावलं आणि प्रत्येक वेळी ती हसली. त्या दिवशी मला दादांचा लई अभिमान वाटला. तसं मी त्यांना बोलले नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही.

सिलिंडर त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत केला. मी म्हटलं, असू द्या, अडीअडचणीला. ते म्हणाले, "तुझा मशीनवर इस्वासच नाय." पन्नाशीच्या बाईनं वडिलांशी सिलिंडरवरून भांडायचं म्हणजे शेजाऱ्यांची करमणूक.

रोज सकाळी आंघोळ झाली की दादा कोरडं फडकं घेऊन बॅटरी पुसायचे. मग तिच्या अंगावर तळहात ठेवून उभे राहायचे. गरम लागते का ते बघायचे, असं ते म्हणत. पुसायला धूळ कुठं होती तिथं? पण कारखान्यात त्यांनी प्रत्येक पाळी अशीच सुरू केलेली. आई आतून ओरडायची, "माझ्याबी कपाळाला हात लावा एखाद दिवशी!" मग ते आत जाऊन तिच्या कपाळाला हात लावायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "टेंपरेचर ओके." तेवढा श्वास नसताना ती हसायची आणि मग खोकायची आणि मी दोघांवर ओरडायचे.

आता खंडेनवमीचं सांगायला पाहिजे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची, अवजारांची पूजा होते. शेतकऱ्याचं औत, सुताराची करवत, तसं वाळूजला मशीन. दादांच्या कारखान्यात त्या दिवशी सगळी मशीन बंद. पुसून लख्ख करायची, तेल द्यायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. कामगारांच्या घरच्यांना त्या दिवशी आत सोडायचे. आई दरवर्षी नवी साडी नेसून जायची आणि दादांच्या लेथला स्वतःच्या हातानं हळदीकुंकू लावायची. लहानपणी मीही गेले आहे, मला त्यातले फक्त पेढे आठवतात. एकदा पूजा झाली की त्या मशीनला दिवसभर कुणी हात लावायचा नाही. तो दिवस मशीनचा. दसऱ्याला सकाळी चालू करायचं.

हाच नियम दादांनी घरातही लावलेला. शिलाई मशीन, स्कूटर, मिक्सर, सगळ्यांना हार आणि सगळे बंद. एका वर्षी मी विचारलं, मिक्सर बंद, मग वाटण कशावर? पाट्यावर वाट. पाटाही पुजलेला. भाजी चिरायची तर विळीला कुंकू. म्हटलं, आज मलाच हार घालून बसवा कोपऱ्यात, वर्षभर राबते ती मीच. आई म्हणाली, "बस की, कोण नको म्हणतंय." त्या दिवशी आम्ही बाहेरून इडली आणून खाल्ली.

बॅटरी आली त्या वर्षीची खंडेनवमी. सकाळी नेमकं नळाला पाणी आलं. आमच्या शहरात पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरानं, आणि ते आलं की माणूस हातातलं सगळं टाकून हौदाकडं पळतो. मी मागच्या अंगणात मोटर, पाइप, टाकी यातच होते. पुढं व्हरांड्यात दादा पूजा करत होते, ते मला आवाजावरून कळत होतं. घंटा वाजली, नारळ फुटला. कशाची पूजा चाललीय हे बघायला मला सवड नव्हती. मी ओला पदर पिळत पुढं आले तोवर दादा त्यांच्या जुन्या मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून वाळूजला निघालेले. जुन्या कामगारांना कारखाना अजून पूजेला बोलावतो. जाताना म्हणाले, "दुपारपर्यंत येतो. पेढे आणतो." भिंतीवरच्या पेटीला झेंडूचा जाड हार होता, आणि खाली हळदीकुंकवाची बोटं. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

आईचं जेवण झालं. मी भांडी घासत होते. आणि मशीनचा धप्प आवाज थांबला.

थांबला म्हणजे काय झालं हे मला आधी कळलंच नाही. लाइट गेली असेल, पण लाइट गेली तर तो थांबत नाही, इतकी आम्हाला बॅटरीची सवय झालेली. मग मशीनची शिट्टी वाजायला लागली, एकसारखी, कर्कश. मी आत पळाले. आई उठून बसली होती आणि तिचं तोंड उघडं होतं.

मी व्हरांड्यात गेले. इन्व्हर्टरच्या चेहऱ्यावर एकही दिवा नाही. मेलेलं. मी त्याच्यावर थापड मारली. हो, मारली, टीव्हीला मारतात तशी. आत आले, आईच्या पाठीला उशी लावली, खिडक्या उघडल्या. सिलिंडरच्या जागेवर कपड्यांची घडवंची होती. दादांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. आईच्या बोटाला लावायचं ते छोटं यंत्र मी काढलं आणि आकडा बघितला आणि परत बघितला नाही. तिचे ओठ जांभळट होत होते. ती मला हातानं काहीतरी सांगत होती, तळवा खालून वर, खालून वर. मला वाटलं, देवाचं नाव घे म्हणतेय. मी ओरडले, "आई, आत्ता देव नको गं, आत्ता मला सांग हे बंद कसं पडलं!" जिला श्वास घेता येत नाही तिला मी सांग म्हणत होते.

तिसऱ्यांदा फोन लावणार तेवढ्यात दादांचाच आला. मागं ढोलताशा वाजत होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. ते मध्येच म्हणाले, "थांब. व्हरांड्यात जा." त्यांचा आवाज एकदम सपाट झाला. "हार काढ. बॅटरीच्या डाव्या अंगाला एक खटका हाय, खाली असंल. वर कर. झाला? आता वरच्या पेटीचं बटण दाबून धर. सोडू नको. दिवा लागला? लाल का हिरवा?" लाल. "थांब. हात लावू नको. हिरवा होऊ दे." ढोल वाजत होता. आतून शिट्टी वाजत होती. मला त्या माणसाचा असा राग आला, इतक्या शांतपणे कसा काय बोलू शकतो हा! "झाला हिरवा? आता भिंतीवरचा मोठा खटका. वर."

मी वर केला. आतून धप्प आवाज आला.

मी फोन तसाच टाकून आत गेले. आईच्या नाकातली नळी सरळ केली, मशीनचं बटण फिरवून हवा वाढवली. तिचा हात धरून बसले. हळूहळू ओठांचा रंग बदलला. बऱ्याच वेळानं मी फोन कानाला लावला तर तो चालूच होता. दादा काही बोलत नव्हते, ढोलही थांबलेला, नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "आहे." त्यांनी फोन ठेवला.

ते आले तेव्हा अनवाणी होते. पूजेसाठी काढलेले बूट तिथंच राहिलेले. कपाळाला गंध, शर्टाला गुलाल, आणि वाळूजपासून सिडकोपर्यंत अनवाणी पायानं मोटरसायकलवर. ते पलंगापाशी आले आणि उभे राहिले. मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अक्कल गहाण ठेवली का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. बॅटरी ही काय लेथ आहे का, लेथ बंद पडली तर माल उशिरा निघतो, इथं माणूस जातं! सिलिंडर परत करायची घाई कुणाला झाली होती? ते खाली मान घालून ऐकत होते. माझे वडील माझ्यासमोर खाली मान घालून उभे आहेत हे मला दिसत होतं आणि तरी माझं तोंड थांबत नव्हतं.

आईनं हात वर केला.

"मीच म्हटलं," आई म्हणाली. एकेक शब्द सुटा करून. "सकाळी विचारलं त्यांनी. बंद करू का. मी म्हटलं, करा. दरवर्षी करता तसं करा." मग थोडं थांबून, "कुंकू मीच लावलं. मला धरून नेलं होतं तिथपर्यंत."

म्हणजे ही दोघं सकाळी, मी मागं पाण्याशी झुंजत असताना, लांब नळी ओढत व्हरांड्यापर्यंत गेली होती. घर सरळ लाइनवर घेतलं होतं, बॅटरी बंद केली होती, आणि आईनं वाकून हळदीकुंकू लावलं होतं, कारखान्यात लावायची तसं. दिवसभर लाइट जाणार नाही असं दोघांनी मिळून गृहीत धरलं होतं. आणि मला सांगायचं नाही असंही बहुतेक ठरलं असणार, कारण मी काय म्हणाले असते ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर संसार करून माणसं एकमेकांना शहाणं करतात असा माझा समज होता. एकमेकांना वेडेपणात साथ देतात, हे मी तेव्हा बघितलं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी आधी सिलिंडर परत आणला. सोनं वाटायला शेजारी आले तेव्हा तो दारातच उभा होता.

हे इथं संपायला हरकत नव्हती. आई वाचली होती. पण दादा त्या दिवसापासून बॅटरीला हात लावेनात. सकाळचं पुसणं बंद. धूळ खरंच बसायला लागली, ती मी पुसायची. आणि ते घराबाहेरही पडेनात. व्हरांड्यात, बॅटरीच्या समोर, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे. मोबाइलमध्ये बॅटरी किती भरली ते दिसतं, ते दिवसभर बघायचे. भाजीला जाणार नाहीत, लग्नाला जाणार नाहीत. सोयगावकडं त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचं तेरावं होतं, तिकडं मला पाठवलं. जुने मित्र चहाला बोलवायला आले की म्हणायचे, "लाइटचा भरवसा नाय." बॅटरी पूर्ण भरलेली, लाइट चालू, वर ऊन, कोपऱ्यात सिलिंडर, तरी मी पंखा लावला की उठून बंद करायचे. "जपून वापर." एक दिवस त्यांनी फ्रिज बंद केलेला आढळला. दूध नासलं. मी भांडी आदळली, बोलले, त्याचा काही उपयोग नाही झाला. त्या सपाट आवाजानं फोनवर मला सगळं सांगणारा माणूस कुठं गेला कुणास ठाऊक.

आई पलंगावरून दारातून हे बघायची. तिच्या पलंगापासून व्हरांड्याचा तेवढा तुकडा दिसतो, खुर्ची आणि त्यांची पाठ. ती मला म्हणाली, "हा माणूस माझ्याकडं बघत नाय गं. बॅटरीकडं बघतो." दुसऱ्या एका दिवशी म्हणाली, "मी जायच्या आधी हेच जातील." तिची स्वतःची तब्येत तर उतरतच होती. ऑक्सिजन जास्त लागत होता, मशीनचा काटा एकेक खूण वर चढत होता. ती बोलणं कमी करत गेली. पण दादांबद्दल मात्र बोलायची, श्वास राखून ठेवून बोलायची. तिला दुसरी कसली चिंता राहिली नव्हती. आपण गेल्यावर हा माणूस या खुर्चीतच बसून राहील, एवढीच.

पुढची खंडेनवमी आली. घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. मी झेंडूसुद्धा आणला नव्हता. सकाळी आईनं मला हाक मारून सांगितलं, फुलं आण, नारळ आण, आणि त्यांना बोलाव. दादा आले, दारात थांबले.

"अहो, बॅटरीची पूजा करायची," आई म्हणाली.

"नको."

"करायची. बंद करून, पुसून. नीट. मग चालू करा लगेच."

"तशीच करू. चालू ठेवून," दादा म्हणाले.

"चालू मशीनची पूजा करतात का कधी?"

मी मध्ये पडणार होते. हे सगळं मला भयंकर वाटत होतं, आणि तरी आईच्या चेहऱ्याकडं बघून मी तोंड बंद ठेवलं. मी मुकाट्यानं सिलिंडरला नळी जोडून तयार ठेवली आणि किल्ली हातात धरली. आईनं मशीनची लांब नळी घेतली. आम्ही दोघांनी तिला धरून व्हरांड्यात नेलं आणि त्या खुर्चीत बसवलं.

दादांनी मोठा खटका खाली केला. घर लाइनवर गेलं, मशीन चालू होतं. मग त्यांनी बॅटरीच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं. जन्मभर यंत्रांत घातलेला हात, तो एवढासा खटका पाडू शकत नव्हता. मला बघवेना. मी पुढं झाले, म्हटलं, "सरका दादा, मी करते."

"तू नको," आई एवढ्या जोरात म्हणाली की तिला ढास लागली. ढास थांबेपर्यंत कुणी हललं नाही. मग ती त्यांच्याकडं बघून म्हणाली, "तुम्हीच करा. मी आहे ना. बसलीय इथं."

त्यांनी खटका खाली पाडला. इन्व्हर्टरचे दिवे विझले. आतून धप्प, धप्प आवाज येत होता. दादांनी फडकं घेतलं आणि बॅटरी पुसायला लागले, घाईनं. आई म्हणाली, "सावकाश. कोपरे राहिले." त्यांनी कोपरे पुसले. वरची कड पुसली, वायरी पुसल्या. आईनं हळदीकुंकू लावलं. हार घातला, नारळ फुटला. मग दादांनी तळहात बॅटरीच्या अंगावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी. मग खटका वर, बटण, लाल, हिरवा, मोठा खटका वर. या वेळी त्यांचं बोट कुठंच अडलं नाही.

"झालं?" आई म्हणाली. "आता वाळूजला जा. तुमची वाट बघत असतील तिथं."

ते नको म्हणाले. ती म्हणाली, "जा. पेढे आणा. आणि बूट घालून या." दादा हसले. मी त्यांना वर्षभरात हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी मित्राला फोन लावला, शर्ट बदलला, आणि गेले.

मोटरसायकल कोपऱ्यावरून वळल्याचा आवाज आला. मी आईला उठवायला तिचा हात धरला, तर तो चिंब ओला होता. मनगटापर्यंत. साडी पाठीला चिकटली होती. खुर्चीतून तिला उठवताच येईना.

"लई भ्याले गं मी," ती म्हणाली. "त्यांना सांगू नको."